कर्ता नसलेलं वाक्य

चौथ्या वेळी जगन्नाथरावांनी तो मेल कचऱ्यात टाकला नाही, याचं कारण एवढंच की त्याच्या विषयाच्या ओळीत मराठी होतं. आधीचे तीन त्यांनी न उघडताच उडवले होते, आणि उडवताना आपण थोडे शहाणे झालो असंही त्यांना वाटलं होतं. नायजेरियातून कुणा वकिलाचा मेल आला आणि त्यात 'अत्यंत तातडीचे' असं लिहिलेलं असलं की तो उघडायचा नाही, हे संजयनं, म्हणजे जावयानं, त्यांना दर सुट्टीत बजावलं होतं. "बाबा, तिकडे कुणीतरी राजपुत्र मेलेला असतो आणि तुम्ही त्याचे एकुलते एक वारस असता. क्लिक केलंत की संपलं." जगन्नाथरावांना संपायचं नव्हतं. पण या चौथ्या मेलच्या माथ्यावर रोमन लिपीत, स्पेलिंगच्या नावानं आनंदीआनंद, अशी दोन वाक्यं होती: मी त्याला मारलं. तो गेला. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाहेर पानं उडवणारं ते यंत्र घेऊन सोसायटीचा माणूस मंगळवारचा आपला आवाज करत फिरत होता. जगन्नाथरावांच्या एका हातात ओटमीलचा चमचा होता आणि दुसऱ्या हाताचं बोट 'डिलीट'वर टेकलेलं होतं. ही वाक्यं आपण कुठंतरी वाचली आहेत, एवढं त्यांना आधी कळलं. ती इंग्रजीत आपणच नेली होती हे कळायला ओटमील गार होईपर्यंतचा वेळ लागला.

मेल फोलाशादे नावाच्या एका बॅरिस्टर बाईंचा होता. आधीच्या तिन्ही मेलांना उत्तर न आल्याचा राग त्यांनी सभ्यपणाच्या इस्त्रीखाली दाबला होता, पण वास येत होता. त्यांचा अशील सौमित्र, वय एकतीस, सांगलीचा मुलगा, लागोसबाहेरच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात इंजिनियर. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी गोदामातल्या एफिओंग नावाच्या स्टोअरकीपरशी त्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एफिओंग डिझेलच्या शेडमागे गटाराशी मेलेला सापडला, डोक्याला मार. सौमित्र पहिल्यापासून सांगत होता, मी त्याच्या थोबाडीत मारली, तो शिव्या देत गेटाकडे गेला, पुढचं मला ठाऊक नाही. पण त्याच संध्याकाळी त्यानं सांगलीतल्या आपल्या बहिणीला, सलोनीला, मेसेज केले होते. ते पोलिसांना त्याच्या फोनमध्ये सापडले, आणि त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर कोर्टात वाचलं गेलं. मी त्याला ठार केलं. तो मेला. तिथल्या कायद्यात खुनाला फाशीशिवाय दुसरी शिक्षा नाही, तीच सौमित्रला झाली. आता अपील होतं. अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेत नाहीत, आधी परवानगी मागावी लागते, आणि त्या अर्जासोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. अर्ज दाखल करायची शेवटची तारीख येता सोमवार. सोबत निकालाची पानं जोडली होती आणि एक परिच्छेद पिवळा केला होता. बहिणीनं साक्षीत सांगितलं होतं की 'मारलं' म्हणजे नुसतं चोपलं असंही असतं. पण ती आरोपीची बहीण. तिच्या शब्दापेक्षा अमेरिकेतल्या एका 'स्वतंत्र, निःपक्षपाती आणि तज्ज्ञ' भाषांतरकाराचा शब्द अधिक विश्वासार्ह आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. पुढं जगन्नाथरावांचं नाव होतं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी.

त्यांना आयुष्यात कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. शिकागोतल्या एका कंपनीत त्यांनी छत्तीस वर्षं इमारतींचे पोलादी सांगाडे काढले, पण त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात 'तपासणारा' असा एक चौकोन असायचा आणि त्यात दुसऱ्या कुणाची तरी आद्याक्षरं पडल्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकला जात नसे. तुळईवर पडेल त्याच्या दीडपट, दुप्पट वजन धरून चालायचं, हा तिथला धर्म होता. आपल्याकडून चूक होणारच हे गृहीत धरलेल्या त्या जगात जगन्नाथरावांना सुरक्षित वाटायचं. रिटायर झाल्यावर काय करायचं, तर शब्दकोश वाचायची जुनी खोड होती, रविवारच्या मराठी शाळेत पोरांना वाक्यातला कर्ता-कर्म शिकवायची सवय होती, म्हणून भाषांतराची कामं घेऊ लागले. जन्मदाखले, शाळेचे दाखले, कुणाच्या शेताचा सातबारा. एक एजन्सी मेलनं पानं पाठवायची, हे मेलनं परत करायचे. तिथं तपासणाऱ्याचा चौकोन नव्हता. फॉर्मच्या खाली एक लांबट चौकट असायची, 'भाषांतरकाराची टीप'. पण एजन्सीतल्या मुलीनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, काका, टीपा टाकू नका हं, टीप दिसली की क्लायंट प्रश्न विचारतो. ती मुलगी नागपूरची होती आणि काका म्हणाली होती, म्हणून जगन्नाथरावांनी ते ऐकलं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असंही त्यांना वाटलं असेल. आपल्या कुठल्याही कृतीमागं भित्रेपणा किती आणि सभ्यपणा किती, याचा हिशेब त्यांना कधीच लागला नव्हता.

त्यांनी जुन्या फायली उघडल्या. कॉम्प्युटरवर हवी ती फाइल कधी सापडत नाही आणि नको त्या दहा सापडतात. बायकोच्या, शोभाच्या, औषधांची यादी सापडली, तिच्या हॉस्पिटलच्या पार्किंगचा पास सापडला, आणि मग ती नऊ पानं. भाषांतर पाठवल्याची तारीख बघून ते खुर्चीत मागं टेकले. शोभा जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. ते दिवस त्यांना आठवत होते ते एका क्रियापदासकट. दाराची बेल वाजायची, कुणीतरी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन उभं असायचं, आणि म्हणायचं, शोभाकाकू गेल्या हो. फोनवर पुण्याहून, नागपूरहून, हर्नडनहून तेच, वहिनी गेल्या, कळलं. गेली, गेल्या, गेली. आणि सगळ्यांच्या आधी ते स्वतः, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये शीतपेयांच्या यंत्राला टेकून, अल्फारेटात राहणाऱ्या चारुताला फोन लावून म्हणाले होते, "चारू, आई गेली." मागं कुठल्याशा दुकानाचा गलबला होता, ट्रॉलीची चाकं वाजत होती, आणि त्यांची मुलगी घाईघाईनं म्हणाली होती, "कुठे? टेस्टला नेलं का?" त्यांनी तोच शब्द पुन्हा उच्चारला होता, जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसा. मग ट्रॉलीची चाकं थांबली. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ही पानं आली, वरच्या कागदावर एजन्सीनं 'खून प्रकरण' असं लिहिलेलं, आणि आत रोमन मराठीचा तो किळसवाणा ढीग, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम नाहीत. ती त्यांनी एका बैठकीत उरकून टाकली होती ती खुनामुळं की स्पेलिंगमुळं, कोण जाणे. 'तो गेला' यापाशी आपण क्षणभर तरी थांबलो होतो का? थांबलो होतो असं आता वाटत होतं. पण आता वाटण्याला काय अर्थ. त्या महिन्यात त्या शब्दाला त्यांच्या घरात एकच अर्थ होता.

वकीलबाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर आल्या तेव्हा त्यांच्याकडे दुपार होती आणि मागं जनरेटर घरघरत होता. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, समोर कागदांचा डोंगर. "सर, तुम्ही खरोखर आहात तर," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी माझ्या क्लार्कला सांगितलं होतं, हा माणूस वारला असणार."

"मला वाटलं तुम्ही फसव्या आहात," असं जगन्नाथरावांच्या तोंडून निघून गेलं.

"अर्थात," बाई म्हणाल्या. "माझ्या देशाचा वकील दुसरं काय असणार. सर, वेळ नाही. मला एवढंच सांगा. तुमच्या भाषेत हा शब्द, मारलं, म्हणजे मारहाण की खून?"

"दोन्ही."

"पण जास्त करून?"

"जास्त करून..." जगन्नाथराव अडखळले. शब्दकोशाचं पान त्यांच्या डोळ्यांपुढं आलं आणि आलं की ते त्यांना आवरत नसे. "जास्त करून, म्हणजे, आम्ही गप्पासुद्धा मारतो. उडी मारतो. शिट्टी मारतो, डोळा मारतो, थापा मारतो. फेरफटका मारतो. काहीच करत नसलो तर माशा मारतो. हाक मारतो. तुम्हाला मी आता लांबून हाक मारली तर..."

बाईंनी चष्मा खाली ओढला. "सर, तुमच्या लोकांना एखादी गोष्ट न मारता करता येते का?"

जगन्नाथराव हसले. मोठ्यानं हसले, कित्येक दिवसांनी, आणि हसताहसताच त्यांना आठवलं की आपण कशाबद्दल बोलतो आहोत. एकतीस वर्षांचा मुलगा. सत्तावीस असेल तेव्हा. त्यांनी विचारलं, कसा आहे तो. हा प्रश्न आपण सगळ्यात आधी विचारायला हवा होता, असंही मनात आलं. "बारीक झालाय," बाई म्हणाल्या. "इंग्रजी-मराठी शब्दकोश मागतो. म्हणतो, मला माझंच वाक्य एकदा नीट लिहायचं आहे. सर, मी मसुदा पाठवते आहे. सही करा, नोटरी करा, मला स्कॅन करा. एवढंच."

मसुदा आला. त्यात म्हटलं होतं की खाली सही करणारा शपथेवर सांगतो की त्याचं पूर्वीचं भाषांतर चुकीचं होतं आणि योग्य, निःसंशय भाषांतर असं आहे: मी त्याला चापट मारली. तो निघून गेला. प्रिंटरमधली शाई संपत आलेली, त्यामुळं कागदावर 'निःसंशय' हा शब्द फिक्कट उमटला. जगन्नाथराव तो कागद घेऊन बँकेत गेले, कारण नोटरी तिथं बसते. गाडी चालवताना त्यांना बरं वाटत होतं, आपण एक चूक दुरुस्त करायला निघालोय असं. नोटरी म्हणजे केसांना निळा रंग लावलेली एक मुलगी होती. तिनं त्यांचं लायसन्स पाहिलं, कागद पाहिला, पुन्हा लायसन्स पाहिलं. नाव जुळत नव्हतं. कोर्टानं गाळलेलं अक्षर वकीलबाईंनी इमानदारीनं तसंच गाळलं होतं. "हे तुम्हीच का?" तिनं विचारलं. "मीच आहे," जगन्नाथराव म्हणाले, "पण हे नाव माझं नाही." ती म्हणाली, "मग मी काय करू?" ते गाडीत येऊन बसले आणि त्यांना कळलं की आपली सुटका झालीय, आणि सुटका झाल्याचं वाटलं म्हणून त्यांना स्वतःचा संताप आला. त्यांना सही करायची नव्हती. 'चापट' हा शब्द त्या मेसेजात कुठं होता? 'निघून' कुठं होता? चार वर्षांपूर्वी त्यांनी एका वाक्यातला एक अर्थ उचलून दुसरा गटारात टाकला होता. आता दुसरा उचलून पहिला टाकायचा, एवढाच फरक. आणि ती एफिओंगची बायको. निकालात ती साक्षीदार क्रमांक चार होती, तिला नावसुद्धा नव्हतं. तिनं सांगितलं होतं, नवरा सकाळी डबा घेऊन कामावर गेला. तिच्या भाषेत तिनं कुठला शब्द वापरला असेल आणि त्याचं इंग्रजी कुणी केलं असेल? त्यालाही कुणी टीप लिहू नको म्हणून सांगितलं असेल का? ते तसेच पार्किंगमध्ये बसून राहिले. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना. ते म्हणाले, हो हो, आणि गाडी सुरू केली, उगाचच.

घरी आल्यावर त्यांनी मसुद्यातलं नाव दुरुस्त केलं तर प्रिंटरनं निम्म्या ओळीपाशी मान टाकली. चारुताला फोन केला. काय छापायचं आहे ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त प्रिंटर मेला एवढंच म्हणाले, आणि लगेच, 'मेला' नव्हे, बंद पडला, अशी दुरुस्ती केली. चारुता म्हणाली, "बाबा, आर यू ओके? आवाज असा का येतोय? तो प्रिंटर फेका, मी नवा ऑर्डर करते. आणि दुसरं पण बघते काहीतरी." संध्याकाळी तिचा मेसेज आला, रोमनमध्येच, शाळेत तिला देवनागरी शिकवून त्यांनी आपला घसा कोरडा केला होता तरी. निघालाय. येईल उद्या दुपारी. गुरुवारी दुपारी जगन्नाथरावांनी पोर्चमधल्या कुंड्या सरकवून खोक्यासाठी जागा केली. दीड वाजता बेल वाजली. दार उघडलं तर खोकं नव्हतं. पाठीवर लॅपटॉपची बॅग लावलेला संजय उभा होता.

"काय बाबा, असे बघताय काय? चारूनं मेसेज नाही केला?"

"केला की. मला वाटलं प्रिंटर."

"काय वाटलं?"

"निघालाय, येईल, असं होतं. प्रिंटर पुल्लिंगी आहे ना."

संजय दारातच बॅग खाली ठेवून हसत सुटला. "मी पण पुल्लिंगी आहे हो बाबा, सासरी कुणाला आठवत नाही तो भाग वेगळा. मला शॉमबर्गमध्ये मीटिंग होती नेक्स्ट वीक, चारू म्हणाली आत्ताच जा, बाबा काहीतरी लपवतायत. तिच्या मेसेजला कर्ताच नसतो. मी दहा वर्षं भोगतोय. परवा मीटिंगमध्ये मेसेज, 'फुटलं'. एवढंच. मला वाटलं डोकं फुटलं आमच्या पोराचं, आर्यचं. धावत बाहेर आलो, तर काय, दूध! दूध फुटलं होतं. तुम्ही शिकवायचात ना ते संडे स्कूलला, कर्ता, कर्म? स्वतःच्या मुलीला तेवढं सोडून..."

जगन्नाथराव ऐकत नव्हते. ते पोर्चमध्ये तसेच उभे होते, एक हात कुंडीवर. मग ते वळले, जावयाला आत ये सुद्धा न म्हणता, कॉम्प्युटरपाशी गेले आणि ती नऊ पानं पुन्हा उघडली. सहा एक्केचाळीस, मी त्याला मारलं. सहा एक्केचाळीस, तो गेला. सहा त्रेचाळीस, ताई फोन उचल. सहा बावन्न, लाईट पण गेली. सहा त्रेपन्न, येईल परत. सहा त्रेपन्न, मला भीती वाटते. त्याखाली त्यांचं इंग्रजी होतं, नेटकं, पूर्णविरामांसकट. वीजसुद्धा गेली आहे. वीज परत येईल. येईल परत, एवढंच मूळ वाक्य. कोण येईल, काय येईल, काही नाही. भविष्यकाळात लिंगसुद्धा कळत नाही. तो येईल, ती येईल, ते येईल, सगळ्यांना दार एकच. इंग्रजीला कर्त्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून त्यांनी एक कर्ता घातला होता. कुणाला न विचारता, आपल्या खिशातून. वरच्या ओळीत वीज होती म्हणून वीज. पण त्याच्याही वर तो होता. तो गेला. येईल परत. मला भीती वाटते. जगन्नाथरावांनी संजयला बोलावलं आणि सगळं सांगितलं, भराभर, उलटसुलट, मेल आणि एफिओंग आणि बँकेतली मुलगी, आणि शेवटी बोट स्क्रीनवर टेकवून म्हणाले, "बघ. तो मेला असता तर येईल परत कसं लिहील? त्याला वाटत होतं तो परत येईल, चार माणसं घेऊन येईल, म्हणून भीती. लाईट परत यायची भीती कुणाला वाटते? सांग ना. कुणाला वाटेल?"

संजयनं तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. तो हुशार होता, हीच अडचण होती. "ज्यानं बॉडी अंधारात ठेवलीय त्याला," तो म्हणाला.

बाहेर पुन्हा ते पानं उडवणारं यंत्र सुरू झालं. आज तर गुरुवार. जगन्नाथरावांना एकदम इतका वीट आला, त्या यंत्राचा, जावयाच्या हुशारीचा, आपल्या भाषेचा. ही कसली भाषा. जन्मभर हिच्या प्रेमात पडलो, हिचे कोश उशाशी घेऊन झोपलो, आणि हिला एका माणसाच्या गळ्याभोवती फास हवा की नको हेसुद्धा धड सांगता येत नाही. का भाषेनं सगळं सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्यानंच घाई केली? सलोनीनं तो फोन सहा त्रेचाळीसला उचलला असता तर हे काहीच लिहावं लागलं नसतं. तिनं म्हणे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता, आणि तिच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ती बिचारीही आता त्या न उचललेल्या फोनबरोबर राहत असेल.

"बाबा," संजय आवाज उतरवून म्हणाला, "लुक, तो वकिलीणबाईंचा ड्राफ्ट आहे ना? नाव दुरुस्त करा आणि सही करा. माणूस वाचतोय यार. सॉरी, म्हणजे... तुम्ही कुठं खोटं बोलताय? एक अर्थ तोच आहे ना?"

"एक अर्थ तो आहे."

"मग?"

"तेव्हाही एक अर्थ तोच होता. मी लिहिला तो."

संजय खुर्चीत बसला. केसांतून हात फिरवला. "तुम्हाला ना बाबा, आगीतून फुफाट्यात जायची हौस आहे."

असेलही. जगन्नाथरावांना स्वतःबद्दल कशाचीच खात्री नव्हती, हौसेचीही नाही. आपण हे खरेपणासाठी करतोय की पुन्हा एकदा आपलं नाव चुकायला नको म्हणून? तिकडे एक मुलगा आपल्याच वाक्याचा अर्थ शोधत बसलाय आणि इकडे हा म्हातारा सोवळं नेसून उभा. त्यांनी जेवणाचं टेबल पुसलं, खणातून जुना ग्राफ पेपर काढला, यांत्रिक पेन्सिल ठेवून पेन घेतलं, आणि नकाशावर लिहायचे तशा सुट्या, उभ्या, मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहायला बसले. आधी स्वतःचं नाव, सगळ्या अक्षरांसकट. मग लिहिलं की पहिल्या वाक्यातल्या क्रियापदाचे दोन अर्थ होतात, मारहाण आणि हत्या, आणि हत्या स्पष्ट सांगायची तर मराठी माणूस बहुधा त्याला आणखी एक शब्द जोडतो, जो इथं नाही. दुसऱ्या वाक्याचे दोन अर्थ होतात, निघून जाणं आणि मरणं. पाचव्या ओळीला कर्ता नाही; भाषांतरात जो आहे तो मी घातला. वरच्या कागदावर 'खून' हा शब्द वाचून मी मूळ मजकूर वाचायला घेतला होता. इथं ते थांबले. पेन कागदावर टेकून राहिलं आणि शाईचा एक ठिपका फुगला. मग त्यांनी लिहिलं, त्या आधी एकोणीस दिवस माझी पत्नी वारली होती, आणि 'जाणे' या क्रियापदाचा दुसरा अर्थ त्या काळात माझ्या लक्षात आला नाही. हे कोर्टाच्या उपयोगाचं असो वा नसो, खरं आहे. टीप लिहायची चौकट होती; मी ती रिकामी ठेवली.

शुक्रवारी सकाळी, बँक उघडायच्या आधी, त्यांनी तो कागद कॅमेऱ्यापुढं धरून वकीलबाईंना वाचून दाखवला. संजय मागं कॉफीचा कप घेऊन उभा होता. जनरेटर बंद पडला, चालू झाला. "सर," शेवटी त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजाची इस्त्री पार विस्कटली होती, "मी तुमच्याकडे दार मागितलं होतं. तुम्ही मला खिडकी देताय, तीही अर्धी. कोर्ट विचारणार, मग या दोनांतला खरा अर्थ कुठला? मी काय सांगू?"

"मला माहीत नाही," जगन्नाथराव म्हणाले.

"तुम्ही तज्ज्ञ आहात!"

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि असं काही आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. "दहा तज्ज्ञ आणा. त्या पानावरून कुणालाच कळणार नाही. ते फक्त त्या मुलाला माहीत आहे."

बाईंनी पेन उचललं. "हे लिहा," त्या सावकाश म्हणाल्या. "शेवटी हेच लिहा. मला माहीत नाही, आणि या पानावरून कुणालाही कळणार नाही. जसं बोललात तसंच. चार वर्षांत त्या कोर्टात सगळ्यांना सगळं माहीत होतं, सर. पोलिसांना माहीत होतं, सरकारी वकिलांना माहीत होतं. संशयाचा फायदा आरोपीला, हे मी रोज ओरडून सांगते. पण संशय दाखवायला माझ्याकडे एक माणूस नव्हता."

निळ्या केसांच्या मुलीनं लायसन्स पाहिलं, ग्राफ पेपर पाहिला, आणि विचारलं, हे हातानं लिहिलंय? मग म्हणाली, किती सुंदर अक्षर. उजवा हात वर करा. यात लिहिलेलं खरं आहे अशी शपथ घेता? जगन्नाथरावांनी हात वर केला. शपथ घेण्यासारखं त्यांना एवढंच सापडलं होतं की आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल मात्र त्यांची पक्की खात्री होती. शिक्का बसला. संजयनं फोननं स्कॅन करून तिथंच, काउंटरवर कोपर टेकून, पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: मिळालं. सोमवारी सकाळी पहिल्या प्रथम दाखल करते. मग आणखी एक ओळ: उद्या सकाळी तुरुंगात जाते आहे, त्याला वाचून दाखवीन. जगन्नाथरावांनी ती ओळ दोनदा वाचली. त्या मुलाला ते कसं वाटेल, राग येईल का, हसेल का, याचा अंदाज करायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुन्हा आपण त्याच्या मनात कर्ता घालायला निघालो होतो.

दुपारी संजय निघाला. दारात वाकून नमस्कार केला, जो तो एरवी करत नसे, आणि म्हणाला, "बाबा, नायजेरियाचा मेल आला तर उघडत जा हां." गाडी कोपऱ्यावर वळली. जगन्नाथराव आत आले, कुंड्या जागच्या जागी सरकवायच्या राहिल्या हे आठवून पुन्हा बाहेर गेले, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. चारुता होती. मागं कुठल्याशा दुकानाचा गलबला होता, ट्रॉलीची चाकं वाजत होती.

"बाबा, संजय गेला?"

त्यांनी तोंड उघडलं आणि तो शब्द दातांशी आला. ते तसेच उभे राहिले, एका हातात कुंडी.

"बाबा? हॅलो?"

"निघाला," ते म्हणाले. "संजय आत्ता, दोन वाजून दहा मिनिटांनी, इथून भाड्याच्या गाडीनं विमानतळाकडे निघाला. तब्येत उत्तम आहे त्याची. पोळी-भाजी खाल्ली. संजय आज संध्याकाळी घरी पोचेल. म्हणजे अल्फारेटाला. तुमच्या घरी. संजयच."

"बाबा, मी फक्त गेला का एवढंच विचारलं," चारुता वैतागून म्हणाली. ट्रॉलीची चाकं थांबली. "आणि प्रिंटरचं काय झालं? आला का?"

"कोण?" जगन्नाथरावांनी विचारलं.